कोर्टाची बातमीदार, रंगभूमीची लेखिका : मॉरीन डॅलस वॉटकिन्स यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरीन डॅलस वॉटकिन्स कोण होत्या?

'शिकागो' हे नाव आज बहुतेक मराठी वाचकांना ब्रॉडवेच्या संगीतिकेमुळे किंवा २००२ सालच्या चित्रपटामुळे परिचित असते. त्या दोन्हींच्या मुळाशी १९२६ साली रंगमंचावर आलेले एक गद्य नाटक आहे आणि त्या नाटकाच्या मुळाशी १९२४ सालच्या काही महिन्यांत 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकात छापून आलेल्या कोर्टाच्या बातम्या आहेत. नाटक आणि या बातम्या मॉरीन डॅलस वॉटकिन्स यांनीच लिहिल्या होत्या. त्यांचा जन्म २७ जुलै १८९६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि मॉरीन त्यांचे एकुलते एक अपत्य. बालपण इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिल या लहान गावी गेले. १० ऑगस्ट १९६९ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

धर्मोपदेशकाची, प्राचीन ग्रीक भाषेची आवड असलेली मुलगी फौजदारी कोर्टात कशी पोहोचली?

नाटकाच्या ओढीने पोहोचली, असे म्हणावे लागते. इंडियानापोलिसच्या बटलर महाविद्यालयातून १९१९ साली पदवी घेतल्यावर त्या ग्रीकच्या पुढील अभ्यासासाठी रॅडक्लिफ महाविद्यालयात गेल्या आणि तिथे जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात बसू लागल्या. बेकर यांचा हा वर्ग अमेरिकी रंगभूमीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नाटककार युजीन ओनील हेही त्यांचेच विद्यार्थी. नाटक लिहू पाहणाऱ्याने आधी वर्गाबाहेरचे जग पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. वॉटकिन्स यांनी तो मनावर घेतला, शिकागो गाठले आणि १९२४ च्या सुरुवातीला, बातमीदारीचा विशेष अनुभव नसतानाही, 'ट्रिब्यून'मध्ये नोकरी मिळवली.

म्हणजे 'पत्रकार पुढे नाटककार झाली' हा नेहमीचा क्रम इथे उलटा आहे. नाटक लिहायचे हे आधी ठरले होते. कोर्ट त्यासाठी निवडलेली शाळा होती. त्यांच्या बातम्या वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर त्या बातम्यांमध्ये कपडे, हातवारे, आरोपीने नेमक्या कोणत्या क्षणी डोळे पुसले अशा गोष्टींची नोंद इतकी का येते, हे कळते.

त्या काळी शिकागोत कोर्टाची बातमीदारी कशी चालत असे?

शहरात अर्धा डझन तरी दैनिके एकमेकांशी स्पर्धा करीत होती आणि खून हा खपाचा हमखास विषय होता. देशात १९२० पासून दारूबंदी लागू होती, त्यामुळे चोरट्या दारूचा धंदा, टोळ्या आणि पिस्तुले यांचा सुकाळ होता. फौजदारी न्यायालयाची इमारत आणि कुक परगण्याचा तुरुंग एकमेकांना लागून होते. बातमीदार सकाळी पोलिसांकडून तपशील घेत, दुपारी तुरुंगात थेट आरोपीची मुलाखत घेत आणि संध्याकाळी ती छापून येई. खटला उभा राहण्यापूर्वी आरोपीचा कबुलीजबाब शब्दशः छापण्यात कोणाला वावगे वाटत नसे. छायाचित्रकार कोर्टाच्या दालनात वावरत. याच इमारतीतल्या पत्रकार कक्षावर बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर या शिकागोच्याच दोन माजी बातमीदारांनी १९२८ साली दुसरे गाजलेले नाटक लिहिले, यावरून तिथल्या हवेत किती नाट्य होते याची कल्पना यावी.

स्त्री बातमीदारांकडे प्रामुख्याने स्त्री आरोपींच्या बातम्या दिल्या जात. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणारे लेखन त्यांच्याकडून अपेक्षित असे. वॉटकिन्स यांनी ते काम घेतले, मात्र सूर बदलला: त्यांच्या बातमीत करुणेच्या जागी कोरडा उपरोध होता.

नाटकामागचे खरे खटले कोणते?

दोन खटले मुख्य आहेत आणि ते एकाच वसंत ऋतूतले आहेत.

पहिला बेल्वा गर्टनरचा. मार्च १९२४ मध्ये वॉल्टर लॉ हा विवाहित मोटारविक्रेता तिच्या मोटारीत गोळी लागून मृत अवस्थेत सापडला. शेजारी पिस्तूल आणि जिनची बाटली होती. बेल्वा ही पूर्वाश्रमीची कॅबरे गायिका, एका धनिक कारखानदाराची घटस्फोटित पत्नी. रक्ताने माखलेले कपडे तिच्या घरी मिळाले. आपण नशेत होतो आणि काय घडले ते आठवत नाही, एवढेच ती सांगत राहिली. तुरुंगातल्या मुलाखतीत तिने वॉटकिन्स यांना, कोणताही पुरुष जीव घेण्याच्या लायकीचा नसतो अशा आशयाचे जे तत्त्वज्ञान ऐकवले, ते त्यांनी टीकाटिप्पणी न करता छापले. टिप्पणीची गरजही नव्हती.

दुसरा ब्यूला ॲननचा, आणि नाटकाचा कणा तोच आहे. ३ एप्रिल १९२४ रोजी ब्यूलाने आपला प्रियकर हॅरी कालस्टेड याला स्वतःच्या घरातल्या शयनगृहात गोळी घातली. तो मरणाच्या वाटेवर असताना ती ग्रामोफोनवर एकच नाचाची तबकडी पुन्हा पुन्हा वाजवत बसली होती आणि बऱ्याच वेळाने तिने मेकॅनिक असलेल्या आपल्या नवऱ्याला फोन केला. तिच्या हकिकती बदलत गेल्या. आधी तिने आपण अब्रू वाचवण्यासाठी गोळी झाडल्याचे सांगितले. पुढे, तो आपल्याला सोडून निघाला म्हणून झाडली, अशी कबुली दिली. आणि खटल्यात, पिस्तुलाकडे दोघांनीही एकदमच झेप घेतली, अशी साक्ष दिली. गोळी पाठीत लागलेली होती. दरम्यान, मे महिन्यात आपण गरोदर असल्याचे तिने जाहीर केले. वॉटकिन्स यांनी हे सगळे ज्या त्या दिवशी, ज्याचे बोलणे त्याच्याच नावाने नोंदवले. नवरा अल्बर्ट बायकोच्या पाठीशी उभा राहिला, वकिलांसाठी पैसे उभे केले. २४ मे रोजी तिची निर्दोष मुक्तता झाली आणि लगेच तिने नवऱ्याला सोडत असल्याचे सांगितले. १९२८ साली ती क्षयाने वारली.

पुरावा इतका स्पष्ट असताना दोघीही निर्दोष कशा सुटल्या?

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये स्त्रियांना ज्युरीवर बसण्याचा अधिकार १९३९ पर्यंत नव्हता. म्हणजे ज्युरीचे बाराही सदस्य पुरुष असत आणि देखण्या, गोऱ्या, नीटनेटक्या स्त्रीला फासावर किंवा तुरुंगात पाठवायला ते कचरत, हे वकिलांना चांगले ठाऊक होते. ब्यूलाचे वकील विल्यम स्कॉट स्टुअर्ट आणि डब्ल्यू. डब्ल्यू. ओब्रायन यांनी तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि तिचे दिसणे हाच बचावाचा मोठा भाग ठरला. वॉटकिन्स यांनी एकीला सर्वांत सुंदर आणि दुसरीला सर्वांत नखरेल आरोपी अशी बिरुदे बहाल केली होती. त्यामागची बोच ज्युरीला जाणवली नसावी. सुंदर हा शब्द मात्र नक्की पोहोचला.

मराठी वाचकाला हे फार परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईत १९५९ साली कमांडर नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, तेव्हाही 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने मोहीम चालवली होती. फरक असा की तिथे सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय अमान्य करून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिकागोत ज्युरीने सोडले म्हणजे विषय संपला. सरकार पक्षाला पुढे जायला वाट नव्हती.

त्याच तुरुंगातल्या साबेला निट्टीचे प्रकरण काय होते?

हे प्रकरण सहसा तळटिपेत जाते, म्हणून इथे थोडे सविस्तर. साबेला निट्टी ही इटलीहून आलेली, शेतावर राबणारी, इंग्रजी जवळजवळ न येणारी स्त्री. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून १९२३ साली तिला फाशीची शिक्षा झाली. तिचा बचाव इतका ढिसाळ होता आणि दुभाष्यामार्फत चाललेले कामकाज तिला इतके थोडे कळत होते, की शिक्षा म्हणजे काय हेही तिला नंतर उमगले. तिच्याविषयी लिहिताना बातमीदारांनी तिचे काळवंडलेले हात आणि राठ केस यांचे वर्णन ज्या निर्दयतेने केले, ते आज वाचवत नाही. पुढे हेलन सिरेसे या तरुण स्त्री वकिलाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अपील लढवले. ते चालू असतानाच सिरेसे यांनी साबेलाच्या केसांना रंग लावण्याची, चांगले कपडे देण्याची, थोडे इंग्रजी शिकवण्याची व्यवस्था केली. एप्रिल १९२४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि त्याच वर्षी आरोप मागे घेतले गेले.

ज्या तुरुंगातून ब्यूला आणि बेल्वा सुटल्या, त्याच तुरुंगात पुराव्याअभावी फाशीच्या दारात उभी असलेली स्त्री होती आणि तिलाही सुटण्यासाठी आधी प्रेक्षणीय व्हावे लागले. वॉटकिन्स यांच्या उपरोधाची धार समजून घ्यायची असेल, तर या तिघींना एकत्र पाहिले पाहिजे.

वॉटकिन्स यांच्या बातम्यांमुळे दोन खुनी सुटल्या आणि त्या पश्चात्तापातून नाटक लिहिले गेले, हे खरे आहे काय?

ही कथा वारंवार सांगितली जाते. ती आकर्षक आहे, म्हणूनच तिच्याकडे थोड्या संशयाने पाहावे. त्यांच्या बातम्यांत दोघींच्या निर्दोषत्वावर विश्वास असल्याचे कुठेही दिसत नाही. ब्यूलाच्या बदलत्या जबाबांची नोंद त्या ज्या काटेकोरपणे करतात, त्यात तिच्या बचावाची खिल्लीच आहे. नाटकाचा सूरही पश्चात्तापाचा नाही. तो रागाचा आणि हसण्याचा आहे.

मात्र प्रश्नात तथ्य अजिबात नाही असेही नाही. आरोपीला पहिल्या पानावर आणणारी यंत्रणा चालवणाऱ्यांत वॉटकिन्सही होत्या, आणि उपरोधाने लिहिलेली बातमीसुद्धा प्रसिद्धीच असते. नाटकात बातमीदारांना त्यांनी जराही सूट दिलेली नाही, यावरून त्यांना हे पुरते उमगले होते असे मला वाटते.

इतके यश मिळत असताना पत्रकारिता का सोडली?

त्यांची 'ट्रिब्यून'मधली कारकीर्द जेमतेम आठ महिन्यांची. २१ मे १९२४ रोजी, म्हणजे ब्यूलाच्या निकालाच्या तीनच दिवस आधी, बॉबी फ्रँक्स या १४ वर्षांच्या मुलाचे अपहरण आणि खून झाला. महिनाअखेर लिओपोल्ड आणि लोब या दोन धनिकपुत्रांना अटक झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बेल्वा सुटली तेव्हा शहराचे लक्ष तिच्यावरून उडाले होते. या प्रकरणाच्या वार्तांकनातही वॉटकिन्स होत्या. वकील क्लॅरन्स डॅरो यांनी आरोपींच्या वतीने गुन्हा कबूल करून फाशी टाळण्यासाठी युक्तिवाद केला आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीश कॅव्हर्ली यांनी जन्मठेप सुनावली. त्यानंतर लवकरच वॉटकिन्स यांनी दैनिक सोडले. ज्यासाठी आलो ते मिळाले, एवढे कारण पुरेसे असावे.

बातमीतून नाटक कसे घडले? काय बदलले आणि काय तसेच ठेवले?

बेकर १९२५ साली येल विद्यापीठात गेले आणि वॉटकिन्स तिथे पुन्हा त्यांच्या वर्गात दाखल झाल्या. नाटक वर्गातल्या अभ्यासाचा भाग म्हणून लिहिले गेले. त्याचे पहिले नाव 'द ब्रेव्ह लिटल वूमन' असे होते. कोर्टात वकिलाने आरोपीसाठी वापरावे तसले ते नाव, उपरोधासाठी घेतलेले.

घटना त्यांनी फारशा बदलल्या नाहीत. रॉक्सी हार्ट म्हणजे ब्यूला: तोच ग्रामोफोन, तोच भोळा मेकॅनिक नवरा, तेच वेळेवर उपटलेले गरोदरपण. वेल्मा म्हणजे बेल्वा. दोन वकिलांचा मिळून एक बिली फ्लिन झाला. नव्याने रचावे लागले ते प्रत्यक्ष कोर्टात बातमीदाराला दिसत नाही असे दालन, म्हणजे वकील आणि अशील यांच्यातली तयारी. साक्षीच्या पिंजऱ्यातून जे ऐकू येते ते कोणत्या खोलीत घोकून घेतले असेल, याचा अंदाज बातमीदाराला असतो, पण तो छापता येत नाही. बातमीत 'तिने सांगितले' एवढेच लिहायचे असते. नाटकात वॉटकिन्स यांनी ती तालीमच रंगमंचावर मांडली, आणि नंतर कोर्टाच्या प्रवेशात प्रेक्षक तोच मजकूर पुन्हा ऐकतो तेव्हा हशा पिकतो. माझ्या मते त्यांच्या कोर्टातल्या अनुभवाचे खरे फळ हेच आहे. दोन खटल्यांची गोष्ट कोणालाही जुन्या वर्तमानपत्रांतून मिळाली असती. जबाब कसा बेतला जातो आणि वर्तमानपत्राच्या छपाईची वेळ पाहून तो कसा दिला जातो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

बातमीदारांची पात्रेही नेमकी उतरली आहेत. जेक हा खून झाल्याझाल्या रॉक्सीला प्रसिद्धीचे गणित समजावून सांगणारा निबर बातमीदार आहे, तर मेरी सनशाइन ही सगळीकडे पवित्र अश्रू पाहणारी स्तंभलेखिका. शेवटी रॉक्सी सुटते खरी, पण तेवढ्यात दुसऱ्या एका बंदूकधारी बाईची बातमी येते आणि सगळे कॅमेरे तिच्याकडे वळतात. बेल्वाच्या निकालाच्या दिवसांत वॉटकिन्स यांनी हे प्रत्यक्ष पाहिलेले होते.

नाटकाला प्रतिसाद कसा मिळाला?

३० डिसेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. सॅम हॅरिस निर्माते, जॉर्ज ॲबट दिग्दर्शक आणि फ्रान्सीन लॅरिमोर रॉक्सीच्या भूमिकेत. १७२ प्रयोग झाले, मग दौरा. नाटक शिकागोत आले तेव्हा बेल्वा गर्टनर स्वतः प्रेक्षागृहात हजर होती आणि वेल्मा म्हणजे आपणच, हे तिने आनंदाने मान्य केले. १९२७ साली मूकपट निघाला. १९४२ सालच्या चित्रपटात जिंजर रॉजर्स रॉक्सी झाल्या, पण तत्कालीन चित्रपट नीतिसंहितेमुळे खून करून सुटलेली नायिका दाखवता येत नव्हती. म्हणून रॉक्सीला खुनापुरती निर्दोष ठरवण्यात आले. नाटकाचा प्राणच काढून घेण्याचा हा प्रकार होता.

'शिकागो'नंतर त्यांनी काय लिहिले?

रंगभूमीवर तसे यश पुन्हा मिळाले नाही. 'रेव्हलरी' हे राजकीय भ्रष्टाचारावरील कादंबरीचे त्यांनी केलेले रूपांतर १९२७ मध्ये लवकरच बंद पडले. नंतर त्या हॉलिवूडला गेल्या. जॉन फोर्ड दिग्दर्शित १९३० सालच्या 'अप द रिव्हर' या तुरुंगपटाचे लेखन त्यांच्या नावावर आहे आणि १९३६ सालच्या 'लायबल्ड लेडी'च्या तीन पटकथाकारांपैकी त्या एक. या दुसऱ्या चित्रपटाचा विषय पाहण्यासारखा आहे: एका श्रीमंत तरुणीविषयी खोटी बातमी छापल्यामुळे दैनिकावर अब्रुनुकसानीचा ५० लाख डॉलरचा दावा होतो आणि तो हाणून पाडण्यासाठी संपादक नाना लटपटी करतो. कोर्ट आणि छापखाना यांच्यातला व्यवहार त्यांनी सोडला नव्हता. १९४० च्या दशकात त्या फ्लोरिडात स्थायिक झाल्या, धार्मिक वृत्ती वाढली, आणि मिळवलेल्या पैशाचा मोठा भाग त्यांनी विद्यापीठांतील ग्रीक भाषेच्या अध्ययनासाठी ठेवला.

संगीतिकेसाठी त्यांनी परवानगी का दिली नाही?

अभिनेत्री ग्वेन व्हर्डन आणि दिग्दर्शक बॉब फॉसी यांनी हक्कांसाठी प्रयत्न केले होते. वॉटकिन्स यांनी जिवंत असेपर्यंत नकार दिला. आपल्या नाटकाने गुन्हेगारीला झळाळी दिली असे त्यांना उत्तरायुष्यात वाटू लागले होते, हे कारण सांगितले जाते. मृत्यूनंतर त्यांच्या वारसाव्यवस्थेकडून हक्क मिळाले. जॉन कँडर यांचे संगीत आणि फ्रेड एब यांची गीते असलेली संगीतिका ३ जून १९७५ रोजी सुरू झाली आणि तिचे ९३६ प्रयोग झाले. १९९६ साली ती पुन्हा रंगमंचावर आली, ती अजून चालू आहे. २००२ सालच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ६ ऑस्कर मिळाले.

संगीतिका देखणी आहे, यात वाद नाही. पण तिथे वेल्मा ही व्यावसायिक नर्तकी होते आणि सगळे जगच रंगमंच बनते. मूळ नाटकात मात्र ते वर्तमानपत्राचे कार्यालय आणि कोर्ट राहते. पत्रकारांनी मूळ संहिता वाचावी असे मी सुचवीन.

महाराष्ट्रातल्या कोर्टाच्या बातमीदाराला आपण पाहिलेल्या खटल्यावर नाटक लिहायचे असल्यास काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट, बातमीला जे संरक्षण आहे ते नाटकाला आपोआप मिळेल असे समजू नये. न्यायालयीन कामकाजाचा रास्त आणि अचूक वृत्तांत हा १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ४ नुसार अवमान ठरत नाही, आणि मानहानीच्या कायद्यातही अशा सत्य वृत्तांतासाठी अपवाद आहे. पण रचलेले संवाद म्हणजे वृत्तांत नव्हे. खटला प्रलंबित असताना तर अधिकच सावध राहावे. अपील बाकी आहे का, हे आधी पाहावे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि नाव बदलून गाव, नातेवाईक, व्यवसाय तसेच ठेवले तर ओळख पटतेच. इन कॅमेरा, म्हणजे बंद दालनात, चाललेल्या कामकाजातला मजकूर परवानगीशिवाय वापरता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते.

स्वतःच्या वहीवर विसंबू नये, साक्षी आणि निकालपत्राच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात. वही उपयोगी पडते ती कोर्टाच्या दफ्तरात येत नाही अशा गोष्टींसाठी: साक्षीदार कोणाकडे पाहून उत्तर देत होता, तारीख पडल्यावर बाकावर कोण हसले, आणि वकिलाने बाहेर व्हरांड्यात काय सांगितले.

वॉटकिन्स यांच्या मूळ बातम्या आज वाचायला मिळतात काय?

होय. सदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटी प्रेसने १९९७ साली काढलेल्या नाटकाच्या आवृत्तीत 'ट्रिब्यून'मधल्या त्यांच्या संबंधित बातम्या एकत्र दिल्या आहेत. संपादन थॉमस पॉली यांचे आहे. बातम्या आधी वाचाव्यात आणि नाटक नंतर. ब्यूलाची साक्ष आणि रॉक्सीची साक्ष शेजारी ठेवून पाहिल्यास आढळते की जी वाक्ये नाटकी अतिशयोक्ती वाटतात, त्यांपैकी बरीच बातम्यांतून जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहेत.